फोटो कोणाक इचारून?

मालवण तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका वाडीत मी शनिवारी दुपारी किशोरवयीन मुलांचा गट घेतो, समाजमंदिरात, पंधरा-सोळा पोरं-पोरी. त्या शनिवारी विषय होता बालहक्क. युनोची 1989 ची संहिता, भारताने 1992 ला मान्य केली, अठराच्या आतले सगळे त्यात येतात, हे मी चार्टवर लिहून आणलेलं. कलम 12 म्हणजे तुमच्याबद्दल काही ठरवताना तुमचं मत ऐकायचं, वय आणि समज बघून त्याला वजन द्यायचं, कलम 16 म्हणजे तुमच्या खाजगी गोष्टीत उगाच कोणी घुसायचं नाही. पोरांचं अर्धं लक्ष माझ्याकडे, अर्धं बाहेर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतायत तिकडे, नेहमीचंच.

तेवढ्यात मागून एकाने हात वर केला. पंधरा वर्षांचा, नाव लिहीत नाही, लिहिलं तर परत तेच केल्यासारखं होईल.

"सर, मग माझो फोटो कोणाक इचारून छापलात?"

आईचा फोन घेऊन आला होता, स्क्रीन तडकलेली. त्यात आमच्या संस्थेचं पत्रक, मुंबईच्या चुलतभावाने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं. फोटोत हा खांद्यावर रापणीचा दोर घेऊन हसतोय आणि खाली ओळ, 'वडिलांच्या व्यसनामुळे शाळा सुटलेला मुलगा आज पुन्हा वर्गात'. ती ओळ माझी. रिपोर्टची डेडलाईन होती, रात्री एक वाजता सुचली आणि तेव्हा मला फार भारी वाटली होती.

सगळे गप्प. मग मी त्यातल्या त्यात सगळ्यात मूर्ख उत्तर दिलं, "अरे, आईची सही आहे ना फॉर्मवर."

"आयेन सही केल्यान, मिया खय केलंय?"

आणि आईची सही तरी कशी घेतलेली, तर ती बाजारात मासे विकत बसलेली, हात ओले, फॉर्म इंग्रजीत, मी नुसतं कुठे सही करायची ते बोट दाखवलं. त्या कागदावर अजून तारलीचं खवलं चिकटलेलं आहे, नंतर फाईल काढून बघितलं तेव्हा दिसलं.

मग तो हळूच म्हणाला, "बापाशीक कोणी वाचून दाखवल्यान तर?" हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं, मार कोण खाणार होतं तर हाच, किंवा आई.

सेशन तिथेच थांबवलं. ऑफिसला फोन केला तर एकजण म्हणाला, बाल न्याय कायद्याचं कलम 74 इथे लागूच होत नाही, ते चौकशी किंवा कोर्टात असलेल्या मुलांची ओळख उघड करण्याबद्दल आहे. बरोबर आहे त्याचं, पण मी ते विचारलंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत वेबसाईटवरून काढलं, उरलेली पत्रकं बाजूला ठेवली. वाटलेली आणि फॉरवर्ड झालेली परत येणार नाहीत हे त्याला तोंडावर सांगितलं, खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता. बाप घरी नाही बघून आईलाही सांगितलं, माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "माका वाचूक येता तर मिया इचारलंच असतंय."

पुढचे चार शनिवार तो आलाच नाही.

फॉर्म आता मराठीत आहे, वाचून दाखवतो, पालकांच्या सहीच्या वर मुलाचे स्वतःचे रकाने, फोटो, गोष्ट, नाव, तिन्हीला वेगळं हो-नाही. ऑफिसात कटकट झाली की फोटो मिळणार नाहीत म्हणून, होऊदे. मुलांची पाठ किंवा हात दिसणारे फोटो चालतात की.

जूनमध्ये समुद्र खवळला, रापण बंद, तेव्हा एकदा हा दारात येऊन उभा राहिला. मी फॉर्म दिला. फोटो नाही, गोष्ट नाही. नावाच्या रकान्यावर पेन थांबवून म्हणाला, "नाव कशाक होया?"

"हजेरीला."

"मग हजेरीतच लिवा," म्हणाला, आणि तिथेही नाही केलं.