पाण्याचा घोट आणि जुनी फाईल

गौरीच्या दिवशी ठुशी घातली, तशी धाकटी जाऊ म्हणाली, “ताई, लई आवळून बांधलीया काय?” दोरी तर सैलच होती. आरशापुढं जाऊन पाण्याचा घोट घेतला. घोटासरशी डाव्या बाजूला सुपारीएवढा उंचवटा वर सरकला, परत खाली आला. पोटात धस्स झालं. 2009 साली उजव्या बाजूला अगदी असंच दिसलं होतं.

तेव्हा गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची उजवी बाजू काढली. गाठ साधी निघाली, “आता काळजी नको” एवढं ऐकून घरी आले. डावी बाजू आत आहे, तिच्यातही पुढं गाठी होऊ शकतात, हे कुणीच सांगितलं नाही. त्याचं आजही वाईट वाटतं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, नॉर्मल यायची, म्हणून मी निवांत. रक्त नॉर्मल असूनही गाठ वाढते, हे तेरा वर्षांनी कळलं.

राजारामपुरीत सोनोग्राफी झाली, मग सुईची तपासणी. कॅन्सर नव्हता. पण श्वासनलिका दबत होती, उताणं झोपलं की घुसमटायचं. उरलेली बाजूही काढायची ठरली.

सर्जननी आधी जुन्या ऑपरेशनचे कागद मागितले. त्या दवाखान्यात काही मिळालं नाही. शेवटी सासूबाईंच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या पिशवीत डिस्चार्ज कार्ड सापडलं, घडीवर फाटलेलं. एवढं कशाला लागतं, ते सर्जननी समजावलं. ग्रंथीच्या मागून दोन्ही बाजूंनी आवाजाची एकेक नस जाते. उजवी तेव्हा दुखावली असेल आणि आता डावीलाही धक्का बसला, तर श्वासच अडतो. म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून स्वरतंतू बघितले. दोन्ही हलत होते. ऐकून मी तिथंच रडले. मी भजनी मंडळात गाते.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं आखडायला लागली. लगेच सिस्टरना सांगितलं. कॅल्शियम उतरलं होतं. थायरॉइडला चिकटून मसुराएवढ्या चार ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनात त्यांना धक्का बसला की असं होतं. सलाईनमधून कॅल्शियम दिल्यावर बोटं मोकळी झाली.

आता उठल्याबरोबर उपाशीपोटी थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या हार्मोनची गोळी, चहा तासाभरानं, कॅल्शियमची गोळी चार तासांनी. थायरॉक्सिन जन्मभर. दोन्ही ऑपरेशनांची फाईल कपाटात वरच्या कप्प्यात आहे, लेकीला दाखवून ठेवलीय.

गुरुवारी भजनाला जाते. वरची पट्टी अजून लागत नाही, मी खालच्या सुरात धरते.