एडिसन ते नायगारा: पेट्रोल पंपावर अडकणारे डॉलर

नायगाराचं वर्णन मी फार करणार नाही. ते भरपूर ठिकाणी वाचायला मिळतं आणि प्रत्यक्ष पाहिल्यावर वाचलेलं सगळं कमीच वाटतं. मला लिहायचंय ते तिथपर्यंतच्या रस्त्यावर पेट्रोल कसं भरायचं आणि पैसे कसे द्यायचे याबद्दल. भारतातून फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं कार्ड) घेऊन आलेल्या माणसाची गैरसोय होते ती नेमकी इथे, आणि आधी माहिती असेल तर ती पूर्ण टळते.

धाकटे दीर न्यू जर्सी राज्यातल्या एडिसनला राहतात. त्यांच्याकडे मुक्काम करून आम्ही दोघं, नणंद आणि तिचे यजमान असे चौघे भाड्याच्या गाडीने निघालो. एडिसनहून नायगारा साधारण चारशे मैल, म्हणजे साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. आय-२८७ महामार्गावरून आय-८० ला लागायचं, डेलावेअर वॉटर गॅपला नदी ओलांडली की पेनसिल्वेनिया सुरू. पुढे स्क्रँटन, तिथून आय-८१ ने बिंगहॅम्टन, मग पश्चिमेला वळून कॉर्निंग. एका दमात सात-आठ तासांत होतं, पण तसं करू नका. कॉर्निंगचं काचेचं संग्रहालय आणि वॉटकिन्स ग्लेनची धबधब्यांची घळ या दोन्ही गोष्टी वाटेवर आहेत, मध्ये एक मुक्काम करावा. वॉटकिन्स ग्लेनची घळीतली पायवाट हिवाळ्यात बंद असते आणि उन्हाळ्यातही दगड ओलेच असतात, तेव्हा चांगली पकड असलेले बूट हवेतच.

आता पेट्रोल. न्यू जर्सीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, १९४९ पासून. ओरेगॉनमध्येही अशी बंदी होती, ती २०२३ मध्ये उठली. त्यामुळे आता अमेरिकेत असं हे एकच राज्य उरलंय. पंपावरचा माणूस काचेशी येतो, ‘कॅश ऑर क्रेडिट’ विचारतो आणि भरून देतो, अगदी आपल्याकडच्यासारखं. माझी जाऊ तिथे कितीतरी वर्षं गाडी चालवते, पण नोझल हातात धरायची वेळ तिच्यावर फारशी आलेली नाही. म्हणून न्यू जर्सीतल्या नातेवाइकांना विचारून तुम्हाला बाकी राज्यांची कल्पना येईलच असं नाही. नदी ओलांडली की पंपावर माणूस नसतो. तुम्ही, कार्ड आणि यंत्र.

यंत्रापुढची अडचण समजून घ्यायला हवी. आपल्याकडे आधी पेट्रोल भरतात, आकडा दिसतो आणि मग त्या आकड्याचं कार्ड फिरतं. तिथे उलट. कार्ड आधी घालायचं, पेट्रोल नंतर. तुम्ही पाच गॅलन भरणार की पंधरा, हे यंत्राला ठाऊक नसतं आणि भरून झाल्यावर तुम्ही सरळ निघून जाणार असता. म्हणून यंत्र कार्ड देणाऱ्या बँकेकडे आधीच परवानगी मागतं, बँकेच्या भाषेत ‘प्री-ऑथ’. काही पंप फक्त एक डॉलर मागतात, कार्ड चालू आहे एवढं बघायला. काही शंभर, सव्वाशे, काही थेट पावणेदोनशे. व्हिसा आणि मास्टरकार्डने ही वरची मर्यादा २०२२ मध्ये, पेट्रोल गॅलनला पाच डॉलरवर गेलं त्या वर्षी, १७५ डॉलरपर्यंत नेली. एवढे पैसे तुमच्या कार्डावर ‘होल्ड’ होतात. ते कापलेले नसतात, पण तुम्हाला वापरताही येत नाहीत. पेट्रोल भरून झालं की पंप खरी रक्कम कळवतो, तेवढीच घेतली जाते आणि बाकीची सुटते.

सुटते कधी, हा खरा प्रश्न. मी बँकेच्या कार्ड विभागात नोकरी केली आहे, त्यामुळे हे आतून पाहिलंय. खरी रक्कम आली की ती आधीच्या परवानगीशी जुळवावी लागते. अमेरिकेतल्या बँकेचं कार्ड असेल तर बहुधा काही तासांत जुळतं. आपल्या फॉरेक्स कार्डाच्या बाबतीत बरेचदा लगेच जुळत नाही. मग खरी रक्कम वेगळी कापली जाते आणि होल्ड तसाच लटकत राहतो, मुदत संपेपर्यंत. ती मुदत बँकेवर असते. काही दिवसांत सुटला तर ठीक, पण आठवडे लागल्याचीही उदाहरणं मी हाताळली आहेत. पंपाच्या मालकाच्या हातात यातलं काही नसतं. त्याच्याशी वाद घालू नये. होल्ड सोडते ती कार्ड देणारी बँक.

क्रेडिट कार्डावर असा होल्ड पडला तर मर्यादेतले थोडे पैसे काही दिवस अडकतात, तुमच्या खिशातून काही जात नाही. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर मात्र तुम्ही स्वतः भरलेले पैसे अडकतात. फरक हा आहे, आणि सगळा सल्ला यातूनच निघतो.

स्क्रँटनच्या पुढे एका पंपावर नणंदेच्या यजमानांच्या फॉरेक्स कार्डाच्या बाबतीत हेच झालं. पेट्रोल एकतीस डॉलरचं. नोझल परत जागेवर ठेवायच्या आधीच फोनवर १२५ डॉलरचा मेसेज आला होता, आणि बिंगहॅम्टनला पोचेपर्यंत ३१ चा दुसरा. अ‍ॅपमध्ये शिल्लक दोन्ही वजा होऊन दिसत होती. संध्याकाळी हॉटेलवाल्यांनी त्याच कार्डावर आपली अनामत रोखून धरली. नणंदेचे यजमान बिचारे रात्रभर अस्वस्थ होते, सकाळपर्यंत नाश्त्याला बाहेर जायचं की नाही इथपर्यंत विचार पोचला होता. पैसे पुढे सुटले, पूर्ण सुटले. पण सहलीतली ती संध्याकाळ हिशेबात गेली. असं दुसऱ्या कुणाचं होऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा खटाटोप.

तर काय करावं? पंपावरच्या यंत्रात फॉरेक्स कार्ड घालूच नये. सरळ आत दुकानात जावं. पंपाचा नंबर लक्षात ठेवायचा, एकाने गाडीपाशी थांबायचं, आणि गल्ल्यावर सांगायचं: ‘पंप सेव्हन, ट्वेंटी-फाइव्ह डॉलर्स.’ एवढं वाक्य पुरतं. बाहेर येऊन नोझल उचला (काही पंपांवर नोझल ठेवायची जागाच खटक्यासारखी वर उचलावी लागते, नाहीतर काही होत नाही), ८७ लिहिलेलं रेग्युलरचं बटण दाबा, आणि पंचवीस डॉलर झाले की पुरवठा आपोआप थांबतो. रक्कम आधीच ठरलेली असल्यामुळे अंदाजाने काही अडकवायची गरज उरत नाही.

यात एक बारकावा आहे. आत पैसे देताना टाकीत मावेल त्यापेक्षा थोडं कमीच सांगा. पन्नास सांगितले आणि चाळीसलाच टाकी भरली, तर रोखीत उरलेले दहा लगेच हातात मिळतात, पण कार्डावर काही ठिकाणी आधी पन्नास कापून मग दहा परत येतात आणि त्या परतीलाही दिवस लागतात. अंदाज असा बांधा: एक गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, मध्यम गाडीची टाकी बारा ते सोळा गॅलनची. काटा निम्म्यावर असेल तर सहा गॅलन धरा आणि पाटीवरच्या भावाने गुणा. पाटीवर भावाच्या शेवटी बारीक अक्षरात नऊ-दशांश लिहिलेलं असतं, म्हणजे पुढचा पूर्ण सेंटच धरायचा.

आत जायचं आणखी एक कारण झिप कोड. बरेच पंप कार्ड घातल्यावर पाच आकडी झिप कोड विचारतात, कार्ड चोरीचं नाही ना हे पडताळायला. आपला पिन कोड सहा आकडी. कुणी सांगतं पाच शून्यं टाका, कुणी सांगतं पहिले पाच आकडे टाका. कधी चालतं, कधी नाही. उलटसुलट आकडे टाकत बसलं तर बँकेला संशय येऊन कार्डच बंद होऊ शकतं. पडद्यावर ‘सी कॅशियर’ आलं की घाबरू नका, कार्ड खराब झालेलं नाही, फक्त आत जा. रात्री उशिरा काही दुकानं बंद असतात आणि पंप मात्र यंत्रावर चालू असतात. म्हणून काटा पाव टाकीवर यायच्या आत, उजेडात भरून घ्यावं.

यंत्रावरच भरायची वेळ आली तर क्रेडिट कार्ड वापरा. मात्र निघण्यापूर्वी भारतातच त्याचा परदेशी वापर सुरू करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर तो आपोआप सुरू नसतो. आणि सुरू करताना व्यवहाराची मर्यादा नुसती दहा हजार रुपये ठेवू नका. पेट्रोल तीस डॉलरचं असलं तरी परवानगी १७५ ची मागितली जाते, ती रुपयांत दहा हजारांच्या वर जाते आणि यंत्र नकार देतं. कारण पडद्यावर कुठेच दिसत नाही, माणूस उगाच कार्डं बदलत राहतो.

न्यू जर्सी सोडण्यापूर्वी टाकी भरून घ्या, तीही रोखीने. आत जावं लागत नाही आणि बऱ्याच पंपांवर रोखीचा भाव कमी असतो. तिथे माणूस भरून देतो म्हणून होल्ड पडत नाही असं मात्र समजू नका. तो तुमचं कार्ड त्याच यंत्रात घालतो.

गाडी भाड्याने घेतानाही हाच प्रकार, मोठ्या प्रमाणावर. भाडं अधिक काहीशे डॉलर रोखले जातात, आणि बरेच काउंटर फॉरेक्स कार्ड अनामतीसाठी घेतच नाहीत. त्यामुळे आम्ही गाडी आणि हॉटेल एका क्रेडिट कार्डावर, पेट्रोल रोखीने आणि जेवणखाण, तिकिटं फॉरेक्स कार्डावर अशी वाटणी केली. नायगाराच्या ‘मेड ऑफ द मिस्ट’ बोटीचं तिकीट किंवा बफलोतलं जेवण यात होल्डचा प्रश्न येत नाही, रक्कम तिथल्या तिथे ठरलेली असते. (रेस्टॉरंटात टिप नंतर मिळवली जाते, तो फरक किरकोळ.)

पावत्या ठेवा. यंत्र विचारतं तेव्हा ‘येस’ दाबायचं. पावतीवर तारीख, खरी रक्कम आणि बहुतेक वेळा परवानगीचा क्रमांक असतो. बँकेला फोन करून नुसतं ‘माझे पैसे कापले’ म्हटलं तर तक्रार फिरत राहते. ‘अमुक तारखेची प्री-ऑथ १२५ ची, खरा व्यवहार ३१ चा, दोन्ही दिसताहेत, प्री-ऑथ सोडा’ असं क्रमांकासकट सांगितलं की समोरच्याला नेमकं काय करायचं ते कळतं. आणि उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई देणारा रिझर्व्ह बँकेचा नियम इथे पुढे करू नका, तो देशातल्या व्यवहारांपुरता आहे.

परत आल्यावर फॉरेक्स कार्डावरची उरलेली रक्कम मोडून कार्ड बंद करायची घाई असते. सगळे होल्ड सुटल्याशिवाय ते करू नका, नाहीतर सुटलेले पैसे बंद कार्डावर येतात आणि मग अर्ज, शाखेच्या फेऱ्या. उरलेलं परकीय चलन परत करायला परतल्यापासून १८० दिवस असतात. एवढ्या मुदतीत होल्ड आरामात मोकळे होतात.