वरच्या दोन लाखांचा वेटिंग पिरियड

मधुमेहामुळे कराव्या लागलेल्या आईच्या पायाच्या शस्त्रक्रियेचे बिल 3 लाख 80 हजार रुपये झाले. पॉलिसी 5 लाखांची होती, मधुमेहाचा वेटिंग पिरियड, म्हणजे आधीपासूनच्या आजाराचा खर्च पॉलिसीतून मिळू लागण्याआधी थांबावे लागते ती मुदत, तीन महिन्यांपूर्वीच संपला होता, आणि तरीही विमा कंपनीने 3 लाखच मंजूर केले. ही नोव्हेंबर 2023 मधली गोष्ट. त्या वेळी मी चांगलाच संतापलो होतो. पॉलिसीची कागदपत्रे पहिल्या पानापासून वाचून काढल्यावर मात्र उमगले की कंपनीचे काही चुकले नव्हते, माझेच वाचायचे राहून गेले होते.

आईला मधुमेह असल्याचे 2016 साली कळले आणि तिची 3 लाखांची पॉलिसी मी ऑगस्ट 2019 मध्ये काढली. अर्ज भरताना ओळखीच्या विमा प्रतिनिधींनी अगदी आपुलकीने सुचवले होते, “साखरेचं कशाला लिहिता? हप्ता वाढेल, वर चार वर्षं थांबावं लागेल.” मी लिहिले, त्यात सचोटीपेक्षा भीतीचा भाग अधिक होता, हे कबूल करतो. पुढे समजले की ही भीतीच कामाला आली, कारण अर्जात नोंदवलेला आजार ठरलेली मुदत संपल्यावर पॉलिसीत येतो, तर दडवलेला आजार रुग्णालयाच्या कागदांतून उघडा पडला की नुसता दावाच नाही, पॉलिसीही रद्द होऊ शकते.

तेव्हा ही मुदत जास्तीत जास्त 48 महिन्यांची असे. विमा नियामक प्राधिकरणाच्या 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमांनी ती 36 महिन्यांवर आणली आहे. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत ज्याचे निदान झाले, किंवा ज्यासाठी त्या काळात डॉक्टरांचा सल्ला वा उपचार घेतले, तो पूर्वीपासूनचा आजार समजला जातो. त्यामुळे रोजची गोळी चालू असलेला मधुमेह कितीही जुना असला तरी त्यात धरला जातो. याच नियमांनुसार सलग 5 वर्षे पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याचे कारण देऊन कंपनीला दावा नाकारता येत नाही. काही प्रतिनिधी नेमका याचाच आधार घेऊन ‘पाच वर्षं ढकला’ असा सल्ला देतात. मधली पाच वर्षे आजारी न पडता कशी काढायची, ते मात्र सांगत नाहीत. मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या ठरावीक आजारांची मुदत याहून वेगळी असते आणि ती निरोगी माणसालाही चुकत नाही.

आता त्या 80 हजारांविषयी. ऑगस्ट 2022 मध्ये नूतनीकरण करताना मी विमा रक्कम 3 लाखांवरून 5 लाख केली होती. पॉलिसीचा क्रमांक तोच, कंपनी तीच, एकही हप्ता चुकलेला नाही, म्हणून सगळी रक्कम 2019 पासूनचीच धरली जाईल असे मी मनाशी ठरवून टाकले होते. प्रत्यक्षात वाढीव 2 लाखांपुरता वेटिंग पिरियड वाढीच्या दिवसापासून नव्याने मोजला जातो. म्हणजे एकाच पॉलिसीत, एकाच आजारासाठी, खालचे 3 लाख मोकळे झालेले होते आणि वरचे 2 लाख अजून अडकलेले होते. पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेली तरी हाच हिशेब राहतो: जुन्या रकमेपुरते भरलेले महिने सोबत येतात, जास्तीच्या रकमेला ते मिळत नाहीत. आईचे वय आणि आजार पाहता ही वाढ मी 2019 मध्येच करायला हवी होती. तेव्हा हप्त्यातले थोडे पैसे वाचवले आणि ते असे गेले.

जे 3 लाख मिळाले, तेही सहजासहजी मिळाले नाहीत. आईला दाखल केले त्या रात्री ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी विचारले, “शुगर किती वर्षांपासून आहे?” मी बिलाच्या खिडकीपाशी होतो; मावशीने उत्तर दिले, “झाली असतील की दहा वर्षं.” केसपेपरवर तेवढेच उमटले, डीएम (म्हणजे मधुमेह), टेन इयर्स. 2023 मधून दहा वर्षे वजा केली की 2013 येते, आणि आमच्या अर्जात तर 2016 होते. कंपनीने खुलासा मागितला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पहिल्या निदानाची तारीख घालून पत्र दिले, पण पुरावा म्हणून 2016 चा पहिला रिपोर्टही हवा होता. तो अखेर आईच्या कपाटात, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, चौघडी घालून ठेवलेला सापडला. आता तो पॉलिसीच्याच फायलीत आहे. घडीवरची शाई उडत चालली आहे, म्हणून त्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत, आणि त्यातली एक मावशीकडे दिली आहे.