लोखंडी भांडी अपडेट: कढई झाली, तवा मुद्दाम कोरडाच ठेवलाय

खानापूर रोडच्या भंगारातनं आणलेली गंजकी लोखंडी कढई साफ करून एकदाची मार्गी लागली बघा. पत्र्याची आहे, बिडाची नव्हे, आतून हातोडीच्या खुणा दिसतात म्हणजे लोहारानं ठोकून केलेली. आतून लाल गंज, बाहेरून वर्षानुवर्षं जळलेल्या तेलाची जाड काळी खपली. आणि इथंच लई जण घाई करतात, गंज दिसला की भांडं थेट व्हिनेगरात. व्हिनेगर गंज काढतं, तेलाची खपली काढत नाही, मग खपलीखालचा गंज तसाच राहतो आणि जिथं लोखंड उघडं पडलंय तिथं ऍसिड चांगलं लोखंड खात बसतं.

म्हणून आधी कॉस्टिक सोडा. प्लास्टिकच्या बादलीत पाणी घ्यायचं आणि सोडा पाण्यात थोडा थोडा सोडायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, एकदम उकळून अंगावर येतं. रबरी हातमोजे आणि चष्मा पाहिजेच, पोरंबाळं आणि मांजर लांब. ऍल्युमिनियमचं काहीही त्या पाण्यात जाता कामा नये. सोडा लोखंडाला काही करत नाही, त्यामुळं कढई निवांत पडून राहिली तरी चालतं, खपली मऊ होऊन घासणीनं लोण्यासारखी सुटते. कानांच्या रिव्हेटजवळची तेवढी स्क्रू ड्रायव्हरनं खरवडावी लागली.

मग व्हिनेगर. किराणा दुकानातलं साधं पांढरं, ४-५ टक्क्यांचं, तेवढंच पाणी घालून. हे मात्र रात्रभर ठेवायचं काम नव्हे ओ. अर्ध्या-अर्ध्या तासानं बाहेर काढून तारेच्या घासणीनं घासायचं, गंज संपला की थांबायचं, नाहीतर पत्र्याला बारीक खड्डे पडतात आणि ते कायमचे. शेवटी खायचा सोडा घातलेल्या पाण्यातून काढली आणि धुऊन लगेच गॅसवर. लगेच म्हणजे लगेच, कारण उघडं ओलं लोखंड डोळ्यादेखत पिवळं पडतं, त्यात आपल्याकडची जून ते सप्टेंबरची हवा, भिंतीसुद्धा ओल्या असतात.

इलेक्ट्रोलिसिसचं, म्हणजे भांडं पाण्यात ठेवून वीज सोडून गंज काढायचं, विचारणाऱ्यांसाठी: बॅटरी चार्जर आणि धुण्याच्या सोड्यानं छान होतंय, फक्त दुसऱ्या टोकाला स्टीलचा चमचा लावू नका, त्यातनं विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. साधा लोखंडी तुकडा लावा. हायड्रोजन सुटतो म्हणून काम परसात करायचं. आणि जस्ताचा मुलामा असलेलं भांडं असेल तर त्याला यातलं काहीच नको, ते तापवायचंसुद्धा नाही.

आता मजेचा भाग. रिकामी कढई मोठ्या आचेवर फिरवत तापवली की रंग बदलत जातो, आधी गव्हाळ, मग जांभळट, ३०० डिग्रीच्या आसपास निळा. बर्नर मधोमधच तापवतो त्यामुळं कड निळी करायला कढई तिरकी धरून हात भरून येतात. पातळ पत्रा असेल तर एकाच जागी आच धरू नका, बूड फुगतं.

मग सीझनिंग, म्हणजे तेल तापवून लोखंडावर पक्का थर बसवणं. त्याला तेल कुठलं यावर आपल्यात भांडणं आहेतच. जवसाचं पटकन वाळतं हे खरं, ऑइल पेंटमध्ये घालतात ते हेच लिनसीड, पण त्याचा थर कडक होतो आणि पुढं पापुद्रे सुटतात, मला ते नाही पटलं. जवसाची चटणी करून खावी. मी करडईचं वापरलं, आपल्याकडं आणि विजापूरकडं सहज मिळतं आणि वाळण्याच्या बाबतीत जवस आणि शेंगदाण्याच्या मधलं आहे. शेंगतेलानंही काम होतंच, थर बसायला जरा वेळ लागतो एवढंच. तेलापेक्षा हात महत्त्वाचा: कोमट भांड्याला तेल लावायचं आणि मग चुकून लागलं होतं असं समजून सगळं पुसून काढायचं. धूर येऊन बंद होईपर्यंत तापवायचं, गार करायचं, परत तेच. चिकट राहिलं म्हणजे तेल जास्त झालं किंवा आच कमी पडली. हातोडीच्या खळग्यांत तेल साठतं, तिथं सुती फडकं बोटानं दाबून फिरवा.

आता कढईत कांदाभजी, बटाट्याच्या काचऱ्या असलं तेलकटच चाललंय. चिंचेची आमटी, टोमॅटो सध्या बंद, आंबट पडलं की थर उतरतो.

तव्याचं वेगळं आहे. त्याला मी सीझनिंग केलंच नाही, त्यावर फक्त जोंधळ्याच्या भाकरी होतात. भाकरीला वरनं पाणी लावून उलटली की ती ओली बाजू तापल्या तव्यावर येते, वाफ आणि वर कोरडी कडक आच, दोन्हीपुढं तेलाचा थर मधल्या भागात टिकत नाही, आणि टिकला तरी भाकरीला जुनाट तेलाचा वास येतोय. घरात रोज भाकरी असेल तर भाकरीचा तवा आणि डोशाचा तवा वेगळे ठेवा की. भाकरीच्या तव्याला गंज काढून, धुऊन, तापवून कोरडं ठेवणं एवढं बास. पावसाळ्यात तेवढं वापरून झालं की तेलाचा हात, आणि दुसऱ्या दिवशी पीठ टाकून पुसायचं.

पुढचा नंबर फोडणीच्या पळीचा. दांडा रिव्हेटनं जोडलाय आणि फटीत गंज आहे, तिथं व्हिनेगर शिरलं तर नीट धुऊन निघत नाही, म्हणून आधी बारीक वायर ब्रश आणि रॉकेल लावून बघणार, मग धुऊन कॉस्टिक सोड्यात टाकणार. कुणी रिव्हेट काढून परत ठोकलं असेल तर सांगा, आमचा लोहार म्हणतोय नवीनच करून घ्या.