माटवीतलं पिवळं तवसं

गणपती गेले की सिंधुदुर्गातल्या घरांत माटवी, म्हणजे गणपतीच्या वर बांधलेली फळापानांची चौकट, काही दिवस तशीच टांगलेली राहते. नारळ, सुपारीचे घोस, कवंडाळं, कांगणं अशी रानातली फळं, एखादं तवसं, म्हणजे मोठी काकडी. चाकरमानी मुंबईच्या गाडीत बसलेले असतात आणि भाद्रपदाचा पाऊस अजून जायला तयार नसतो. मुलगा परत गेलेल्या आईची कविता लिहायची तर या घटकेला लिहावी. आणि बहुतेक जण ती अशी सुरू करतात:

तू गेलास आणि घर उदास झालं,
काळजात माझ्या विरहाचा सागर उसळला.

यातली भावना खोटी नाही, पण वाचणाऱ्यापर्यंत ती पोचत नाही. ‘उदास’ आणि ‘विरह’ हे निकाल आहेत. पुरावा न दाखवता निकाल सांगितला की वाचक मान डोलावतो आणि पुढे जातो. दुसरी अडचण अशी की या ओळी कोण बोलतंय ते कळत नाही. आई, प्रियकर, नागपूरचा माणूस, वेंगुर्ल्याचा माणूस, कुणाच्याही तोंडी त्या बसतात. अकराव्या शतकातल्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने रसाच्या दोषांत पहिला हाच दोष सांगितला आहे: रस किंवा भाव त्याच्या स्वतःच्या नावाने सांगणे. शोक दाखवायचा तर ‘शोक’ म्हणायचं नाही. तो ज्यामुळे होतो ते, म्हणजे विभाव, आणि तो झाल्यावर माणूस जे करतो ते, म्हणजे अनुभाव, या दोन गोष्टी मांडायच्या. हजार वर्षांपूर्वीचं हे सांगणं आजच्या मुक्तछंदालाही तंतोतंत लागू पडतं.

आता तीच आई, तेच घर:

माटवीतलं तवसं पिकून पिवळं झालं,
उतरवायला माझा हात पुरत नाही.
दोरीवर एक टॉवेल राहिलाय.
पाऊस थांबला की काढीन म्हणते.

भावनेचं नाव एकदाही आलेलं नाही. काय काय काम करतंय ते बघा. तवसं बांधलं तेव्हा हिरवं होतं, म्हणजे किती दिवस गेले ते रंगानेच सांगितलं. ‘हात पुरत नाही’ म्हटल्यावर ते बांधणारा उंच होता आणि तो आता घरात नाही, हे वाचकाला आपलं आपण उमगतं. टॉवेल दोरीवर ‘आहे’ असं लिहिलं असतं तर ती नुसती नोंद झाली असती. ‘राहिलाय’ या क्रियापदात विसरणं आणि मागे उरणं दोन्ही आहेत. शेवटच्या ओळीत सगळा भार ‘म्हणते’वर आहे. मराठीत ‘काढीन’ म्हणजे ठरवलं, ‘काढीन म्हणते’ म्हणजे मनात आहे, होईलच असं नाही. तिला टॉवेल काढायचाच नाहीये. पाऊस हे निमित्त. शिवाय बोलणारी बाई आहे हेही त्या ‘ते’ने सांगून टाकलं. क्रियापदातच लिंग सांगणारी भाषा आपल्याला मिळाली आहे, तर ‘मी एक आई’ अशी ओळख वेगळी कशाला लिहायची?

पहिल्या खर्ड्यापासून दुसऱ्यापर्यंत जायला मला एकच वाट विश्वासाची वाटते. खर्ड्यातल्या भावनेच्या नावांखाली रेघ मारा: दुःख, आनंद, उदास, व्याकूळ, आठवण. मग ते शब्द खोडा आणि विचारा, या माणसाचा हात आत्ता कशाला लागतोय? डोळ्यांआधी हाताचं विचारा. डोळ्यांना विचारलं की चंद्र, क्षितिज आणि लाटा हजर होतात. हाताला विचारलं की पाटावरची ओली वाळू, विळी, कडी, कुलूप येतं. मग आलेल्या वस्तूंतली अशी एक निवडा, जी फक्त याच माणसाला टोचेल. बारा-चौदा ओळींच्या कवितेला अशा दोन-तीन वस्तू पुष्कळ झाल्या. पाचवी-सहावी आली की एकीचा रंग दुसरीवर चढतो आणि कविता बाजाराच्या यादीसारखी होते.

आपल्याकडच्या कवितांत प्रतिमा फसते ती बहुतेक वेळा वस्तू नीट न पाहिल्यामुळे. ‘अबोलीचा दरवळ’ कितीतरी वेळा वाचायला मिळतो. अबोलीला वास नसतो. दरवळ हवा तर सुरंगी घ्या, आणि तिचा हंगाम सांभाळा, ती आषाढात फुलवू नका. अबोलीचं वास नसणं हीच खरं तर चांगली प्रतिमा आहे, रोज माळली जाणारी आणि मागे काही न ठेवणारी. दुसरं उदाहरण जूनमधल्या दर्याचं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. त्या दिवसांत क्षितिजावर शिडं दिसली की ज्याने दर्या पाहिलाय तो वाचक तिथेच सुटतो, आणि त्यानंतरचं दुःखही त्याला उसनं वाटतं. उलट नारळाच्या झापांखाली झाकलेली होडी किती बोलते! घरात बसून राहावं लागलेल्या माणसाबद्दल आणखी काही लिहायची गरजच उरत नाही. भरतीचंही तसंच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे छोटी भरती. प्रत्येक आवेगाला उधाण जोडणाऱ्यांनी भांगाच्या पाण्याकडे पाहावं. येतं, पण कमी येतं. ओसरलेल्या मायेला याहून नेमकी वस्तू मला ठाऊक नाही.

पावसाचे शब्दही अदलाबदल करून चालत नाहीत. झिमझिम सुखाची, रिपरिप कंटाळ्याची. कोसळणाऱ्या पावसात माणूस लहान होतो. आणि पागोळी? पाऊस थांबल्यावरही कौलांवरून ती गळत राहते. जे संपलंय ते अजून चालू आहे, हे ज्याला सांगायचंय त्याने पागोळीला हात घालावा.

भाषेतल्या आणखी एका जागेकडे फार कमी जण बघतात: आपण कुठले शब्द टाळतो. घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. नारळ फुटत नाही, वाढवतात. बांगडी वाढते, दिवा मालवतो. या टाळण्यांत भीती आणि माया दोन्ही साठलेल्या आहेत. म्हणून कवितेतला ‘मी’ उंबऱ्यावर उभा राहून नुसतं ‘जातो’ म्हणाला, तरी मराठी वाचकाच्या पोटात खड्डा पडतो. तुकोबांच्या ‘आम्ही जातो आमुच्या गावा’चं बळ तिथेच आहे. एका साध्या क्रियापदाने परतीची वाट बंद केली. असा शब्द एका कवितेत एकदाच वापरावा.

बोलणारा ‘मी’ न दिसताही भावना उभी राहते का? बालकवींची ‘औदुंबर’ काढून रंगांखाली रेघा मारा. आठ ओळी. हिरवाळी, निळासावळा झरा, हिरवी गरदी, पांढरी पायवाट, हिरवं कुरण, काळा डोह, आणि शेवटी लाटांवर पसरणारी ‘गोड काळिमा’. हिरव्यातून निघालेली नजर पांढऱ्या वाटेने काळ्यात उतरते. ‘मी’ नाही, दुःखाचं नाव नाही, माणूससुद्धा नाही, फक्त चार घरांचं गाव. तरी कुणीतरी तिथे उभं राहून बघतंय हे शेवटच्या ओळीतला ‘असला’ सांगतो. ‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर’. ‘असला’ म्हणताना बोट दाखवावं लागतं, आणि बोट दाखवायला माणूस लागतो. काळिमेला ‘गोड’ म्हणणारा तोच. ते विशेषण बदलून ‘गूढ’ किंवा ‘भीषण’ घालून मोठ्याने वाचा, सगळी कविता दुसरीकडे वळते.

बोलीबद्दल थोडक्यात. आई मालवणी बोलत असेल तर सगळी कविता मालवणीत लिहा. प्रमाण मराठीच्या ओळींत मधेच एखादं ‘खंय’ नि ‘गो’ पेरलं की बोलणारी आई राहत नाही, नाटकातलं पात्र होते.

वरच्या चार ओळी लिहून झाल्यावर हात पाचवीकडे जातो: ‘आई तुझी वाट पाहते, बाळा’. वाचकाला कळलं नसेल या धास्तीने ती येते. ती लिहून बघा आणि मग चारही ओळी पुन्हा वाचा. तवसं आता फक्त उदाहरण झालेलं असतं, टॉवेलही. पाचवी खोडली की टॉवेल परत दोरीवर येतो, ओला.