साडेचार पंख्यांचा अडॅप्टर

मे महिन्यात सावद्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, पण केळीची कटिंग थांबत नाही. गाड्या भरल्या की वजनाच्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावर येतात आणि संध्याकाळपासून फोन सुरू होतात, "भाऊ, माझे किती झाले?" चार व्यापाऱ्यांचे हिशेब मी लॅपटॉपवर लिहितो. नेमक्या त्याच दिवसांत माझ्या अडॅप्टरची वायर मानेपाशी तुटली. दोष माझाच. रोज काम झालं की ती ठोकळ्याभोवती करकचून गुंडाळायची सवय.

भाचा सुट्टीला आलेला होता. त्याचा अडॅप्टर माझ्याच कंपनीचा, पिनही तीच. लावला, दिवा लागला, मी कामाला बसलो.

दोन तासांनी बघतो तर बॅटरी 80 वरून 62 टक्क्यांवर, तीही वायर लावलेली असताना. कोपऱ्यात 'कमी क्षमतेचा अडॅप्टर' अशी सूचना येत होती, ती मी फुलीवर टिचकी मारून घालवत होतो. एक्सेलची मोठी फाईल उघडायला चहा संपेपर्यंत वेळ लागे. ठोकळ्यावर तर तळहात ठेववेना.

ठोकळ्यावरची अक्षरं चष्मा लावूनही दिसेनात. मोबाइलने फोटो काढला आणि मोठा करून वाचला. पहिलीच ओळ सापडली, 'इनपुट 100-240 व्होल्ट, 1.4 अँपिअर'. हिशेबाच्या माणसाला गुणाकार सुचणारच. 240 गुणिले 1.4 म्हणजे 336 वॅट. 75 वॅटचे जवळजवळ साडेचार पंखे! एवढं असून लॅपटॉप उपाशी कसा?

भाचा पोट धरून हसला. "मामा, ती भिंतीकडची ओळ आहे. लॅपटॉपला काय मिळतं ते आउटपुटमध्ये बघा."

आउटपुट होतं 19.5 व्होल्ट, 2.31 अँपिअर, म्हणजे 45 वॅट. माझ्या मेलेल्या अडॅप्टरवर 19.5 व्होल्ट, 3.33 अँपिअर, म्हणजे 65. वीस वॅटची तूट. मग लॅपटॉप आपला वेग कमी करून चालतो आणि तरीही भागलं नाही तर बॅटरीतून उसने घेतो.

नवीन घ्यायला जळगावला गेलो. एका दुकानदाराने बारा पिना आणि व्होल्टचं सरकतं बटण असलेला ठोकळा पुढे केला. "सगळ्याला चालतो, काका." ते बटण 15 पासून 24 पर्यंत सरकत होतं. घरात कुणाचा हात लागला आणि ते 24 वर गेलं तर? ठेवून दिला.

दुसऱ्या दुकानात माझ्याच कंपनीचे दोन होते, 65 आणि 90 वॅटचे. 90 ने लॅपटॉप जळेल अशी मला धास्ती. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, आपल्या ठिबकसारखं आहे. व्होल्ट म्हणजे दाब. तो वाढला की नळी फुटते. अँपिअर म्हणजे पाणी. विहिरीत कितीही असलं तरी ड्रिपर आपल्यापुरतंच सोडतो." व्होल्ट दोन्हींवर 19.5 च, पिनही तीच. 90 चा घेतला. किंमत जास्त पडली, पिशवीत वजनही लागतं, पण आमच्याकडच्या उन्हात तो कोमटच राहतो. लॅपटॉपला लागतात 65, तो तेवढेच घेतो.

मुलीच्या लॅपटॉपला टाइप-सी आहे, तिथे वेगळीच गंमत. फोनचा 'फास्ट' चार्जर तिच्या लॅपटॉपला लावला तर कधी चार्जच होत नाही, कारण कित्येक फोनच्या चार्जरचा वेग फक्त त्यांच्याच फोनसाठी असतो. तिच्यासाठी घेताना आउटपुटमध्ये 20 व्होल्ट, 3.25 अँपिअर लिहिलंय का एवढंच पाहिलं. केबलही बघावी लागते. साधी टाइप-सी केबल 3 अँपिअरची, म्हणजे 60 वॅटपर्यंतच. त्यापुढे 5 अँपिअरची, आत चिप असलेली केबल हवी. 65 च्या चार्जरला साधी केबल लावून 'चार्जरच खराब' म्हणणारे दोन जण माझ्या ओळखीत आहेत.

भाच्याचा ठोकळा परत करण्याआधी मुलीच्या नेलपॉलिशने त्यावर मोठ्ठं '45' लिहिलं, माझ्यावर '90'. वाळायला दोन्ही खिडकीत ठेवले होते.