हात न टेकता उठा

ब्रेन ट्यूमरचा पेशंट फोनवर काय तपासणार, असं मला अजूनही विचारतात. डोळ्याचा पडदा दिसत नाही, रिफ्लेक्स बघता येत नाहीत, हे कबूलच आहे. तरी एक कॉल सांगते.

कळवणकडचे काका, पन्नाशी उलटलेली, कांद्याची शेती. डाव्या बाजूची, बोलण्याच्या भागाजवळची ग्लायोब्लास्टोमाची, म्हणजे मेंदूच्या कॅन्सरची गाठ. नाशिकला ऑपरेशन, मग सहा आठवडे रेडिएशन. आता टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी चालू, दर 28 दिवसांतले 5 दिवस. प्रत्येक वेळी आधी रक्त तपासायचं. प्लेटलेट एक लाखाच्या खाली असल्या तर गोळी पुढे ढकलायची. तो रिपोर्ट गावाजवळच्या लॅबमधून मोबाइलवर येतो, तेवढ्यासाठी गाडी करून नाशिक गाठावं लागत नाही. मार्च 2020 मध्ये टेलिमेडिसिनचे नियम आले आणि हे सगळं रीतसर झालं.

त्या दिवशी मुलाने कॉल लावला तोच रडकुंडीला येऊन. "मॅडम, गाठ परत आली वाटतं. बाबांना उठताच येत नाही."

फोन खिडकीत ठेवायला लावला. काकांना म्हटलं, दोन्ही हात समोर धरा, तळवे वर, डोळे मिटा. एकही हात खाली आला नाही की वळला नाही. हसायला लावलं, चेहरा दोन्हीकडे सारखा. बोलतं करायला कांद्याचा भाव विचारला, तर व्यापाऱ्यांचा असा काही उद्धार केला की मलाच थांबवावं लागलं. गाठीजवळचा भाग तर ठणठणीत होता.

"आता हाताची घडी घाला आणि हात न टेकता उठा." प्लॅस्टिकची खुर्ची करकरली, काका पुढे झुकले आणि परत बसले. दोन्ही मांड्या सारख्याच कमजोर. चेहराही गरगरीत झालेला.

"काकू, घरातली सगळी औषधं आणा बरं." कॅरीबॅग कॅमेऱ्यासमोर रिकामी झाली. फिटची गोळी, उलटीची, ॲसिडिटीची आणि डेक्सामेथासोन, म्हणजे मेंदूची सूज उतरवणारं स्टिरॉइड, अजूनही दिवसातून तीनदा! मांड्यांची कमजोरी, गरगरीत चेहरा, सगळं त्या गोळीचंच काम. रेडिएशननंतर ती कमी करत थांबवायची, हे कागदावर लिहिलेलं होतं. पण मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर देत राहिला. काकूंचं म्हणणं साधं होतं, "त्या बारीक गोळीने माणूस पोटभर जेवतो हो, बंद कशाला करायची?" माणूस जेवतोय याचं त्या घरात केवढं मोल असेल! ओपीडीत फक्त फाइल येते, कॅरीबॅग येत नाही.

आशाताईंनी बोटातून साखर तपासली, 312. त्याच दिवशी कळवणच्या फिजिशियनना दाखवायला पाठवलं. स्टिरॉइड एकदम तोडायचं नाही. बाहेरून इतके दिवस मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं विसरलेलं असतं. कोणत्या तारखेला किती, हे मोठ्या अक्षरात लिहून पाठवलं आणि काकूंकडून मोठ्याने वाचून घेतलं. एमआरआय ठरल्या तारखेला केला, गाठ वाढलेली नव्हती. मांड्यांत जोर यायला मात्र दोन-तीन महिने गेले.

त्याच दुपारी सिडकोतल्या एका बाईंचा कॉल होता. पहाटे डोकं दुखतं, उलटी होते, दिवसभर झापड. दहा मिनिटांवर घर, तरी "व्हिडिओवरच बघा ना, तिकडे पार्किंग मिळत नाही" हा हट्ट. मी कॉल तिथेच थांबवला आणि त्यांना रिक्षाने थेट कॅज्युअल्टीत बोलावलं. सीटीत मेंदूला सूज निघाली, संध्याकाळी ॲडमिट केलं. त्यांना स्टिरॉइड मीच सुरू केलं.